भिमाजीच्या घरची वाट

आसणवाडीहून लोणावळ्याच्या बाजाराला जाणारी वाट कुणा एकाची नव्हती आणि साऱ्या गावाचीही नव्हती. ती घरोघरी विभागलेली होती. वाडी वर पठारावर, तिथून उतार थेट कुरवंड्यापर्यंत, आणि कुरवंड्यापुढे बाजारापर्यंत बऱ्यापैकी गाडीरस्ता. त्या उताराचा एकेक तुकडा एकेका घराकडे होता. दोन तुकड्यांच्या मध्ये शेंदूर फासलेला दगड. पावसाने वाट खाल्ली की ज्याची त्याने बांधायची, मुरूम घालायचा, धुम्मसाने ठोकायची. शेजाऱ्याच्या तुकड्यातला निसटलेला दगडसुद्धा कुणी पायाने सारत नसे.

हे काम पितरांच्या पंधरवड्यात चाले. त्या दिवसांत कुणाला लग्नकार्य नसतं, नवं काही करायचं नसतं, आणि पुढं भात कापणीला येतं. पाऊस ओसरलेला असे, पण दरीतून ढग वर चढत आणि दिवसभर उतारावर बसून राहत. भर दुपारी पुढचं वळण दिसत नसे. म्हणून शेवटच्या दिवशी पाटील पठाराच्या तोंडाशी उभा राहून वरून खाली एकेका घराचं नाव घेई, आणि त्या त्या तुकड्यावरून घरचा कर्ता पुरुष ओरडून सांगे, "बांधली!" खाली जाऊन कुणी बघत नसे. त्या शब्दावर दुसऱ्या दिवशी गाड्या सुटत. ढगात न दिसणाऱ्या उतारावर बैल घालायचे, माल घालायचा, स्वतःला घालायचं, तर दुसरा आधार होता कुठं?

सगळ्यांत खालचा तुकडा भिमाजीच्या घराचा. तिथं ओहळ वाट ओलांडून जाई, आणि सगळ्या उताराचा राग जणू त्या एका जागी निघे. भिमाजीने ओहळात मोठाले धोंडे एकाला एक बसवून अशी फरशी केली होती की पाणी वरून जाई आणि चाक हलत नसे. त्याला त्याचा अभिमान होता. पाटलाची हाक आली की तो आधी खाकरे, मग सावकाश म्हणे, "बांधली." खाकरल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. वरचे लोक हसत. "भिमाजी खाकारला, आता बैल जुपा."

गंगी त्याची मुलगी. तिला कुरवंड्याला दिली, आणि त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. वाट नुकतीच बांधून झाली होती. त्या वर्षी त्या वाटेने भात खाली आलं नाही, माणसं मात्र गेली. भिमाजी गेला, त्याची बायको मुक्ताबाई गेली, गंगीचे दोघे भाऊ गेले. सासरच्यांनी गंगीला जाऊ दिलं नाही. कुरवंड्याच्या खळ्यात उभी राहून ती वर पठाराकडं बघे. तिथं रोज धूर दिसे, आणि तो कोणाचा हे सांगायला खाली येणारं कुणी नव्हतं.

ती पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा दाराच्या कडीला वाखाची दोरी बांधलेली होती. जमीन चुलतभाऊ महिपती कसू लागला होता. त्यात गैर काही नव्हतं, भाऊबंदकीच्या रीतीने ती त्याच्याकडेच जायची. पण वाटेचा तुकडा त्याने घेतला नाही. जो वाट बांधील त्याला त्या घराच्या नावाला ओ द्यावी लागते, आणि मेलेल्या घराच्या नावाला जिवंत माणसाने ओ कशी द्यायची?

"रान माजं," महिपती म्हणाला. "वाट न्हाई."

गावाने त्याला दोष दिला नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तोही हेच म्हणाला असता.

पुढच्या वर्षी रखमाजी पाटील पठाराच्या तोंडाशी उभा राहिला. मानमोडीने त्याच्याही घरातली माणसं नेली होती. तो थकला होता. ढग नेहमीसारखा खाली बसलेला. एकेक नाव घेत, एकेक "बांधली" ऐकत त्याची हाक खाली खाली उतरत गेली, आणि जिभेच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "भिमाजीचं घर!"

शेजारच्या माणसाने त्याचं मनगट धरलं. पण हाक तर गेली होती.

खालून कुणीतरी खाकरलं. मग सावकाश, सगळ्यांना ऐकू आलं, "बांधली."

त्यानंतर त्या तुकड्याला हात लावायचा प्रश्नच उरला नाही. ज्याचा मालक ओ देतो ती जागा बेवारस कशी? आणि मालकाने बांधली असं सांगितल्यावर आपण तिथं दगड टाकायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटा ठरवायचा. जिवंत माणसाचा असा अपमान कुणी केला नसता, मेलेल्याचा कोण करणार? दर वर्षी पाटील ते नाव घेऊ लागला, कारण घेतलं नाही तर काय होईल हे कुणाला माहीत नव्हतं. दर वर्षी ओ येऊ लागली. आणि ओहळ दर वर्षी थोडा थोडा खोल होत गेला. फरशी सुटली, धोंडे घरंगळले, वाटेच्या जागी कंबरभर खोल, काळ्या चिखलाचा खड्डा झाला.

गाड्या बंद झाल्या. म्हणजे अर्ध्या बंद झाल्या. आसणवाडीच्या गाड्या खड्ड्याच्या वरच्या कडेला थांबत, बैल सोडत. खालच्या कडेला कुरवंड्याच्या गाड्या उभ्या असत. मधलं अंतर बायका डोक्यावर ओझं घेऊन उतरत आणि चढत. तवशी काकडी, दोडके, घेवडा, दिवाळीनंतर आंबेमोहोराची पोती. लोणावळ्याच्या बाजारात बंगल्यांचे खानसामे आणि रेल्वेच्या चाळीतल्या बायका सकाळीच भाजी घेऊन जात. आसणवाडीचा माल पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असे, आणि व्यापारी काकडीला नख लावून म्हणत, "काल तोडली वाटतं."

खालच्या कडेला उभ्या असणाऱ्या गाड्यांत एक गेणूची होती. गेणू म्हणजे गंगीचा नवरा. आणि डोक्यावर ओझं घेऊन खड्डा ओलांडणाऱ्या बायकांत गंगी होती. बापाच्या मोडलेल्या वाटेवर तिचं घर चालत होतं. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, तिला ते माहीत होतं.

ओझं घेऊन उतरताना बायका बोलत नसत. अशी काही रीत ठरलेली नव्हती. वरच्या कडेला चाललेली थट्टामस्करी खड्ड्याच्या तोंडाशी आपोआप थांबे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू होई. मधे फक्त पाण्याचा आवाज. एकदा कातकरवाडीची चिंगी, जी गंगीबरोबर ओझी वाही, वर आल्यावर घाम पुसत म्हणाली, "तुमचं बरं हाय गं. आमाला वाटेचा तुकडाच न्हाई दिला कुनी. मंग आमची मेलेली कुटं बोलनार?"

गंगी हसली. पण नंतर पुष्कळ दिवस ते वाक्य तिच्या मनात राहिलं.

कारण तिला दुसरं काही उरलं नव्हतं. माहेराला भाऊबीज नव्हती, दिवाळीला न्यायला येणारं कुणी नव्हतं, दाराची दोरीसुद्धा पुढं कुजून पडली आणि छप्पर खाली बसलं. वर्षातून एकदा, पितरांच्या पंधरवड्यात, ती कुरवंड्याहून आडवाटेने पठारावर चढे आणि पाटलाच्या मागे, बायकांच्यात उभी राही. ढगातून ते खाकरणं येई. मग तो एक शब्द. ती पदर तोंडाशी धरी आणि परत उतरे. वर्षभराला तेवढं पुरे.

"बापाचा आवाज ऐकाया जाती," तिची सासू रतनबाई शेजारणींना सांगे. "सासू हितं घसा फोडती ती न्हाई ऐकू येत."

गेणूचं म्हणणं वेगळं होतं. "नागफणीच्या कड्याचा आवाज हाय त्यो. वरचा मानूस वरडतो, त्योच कड्यावरनं माघारी येतो."

"कडा खाकारतो व्हय?" गंगी विचारी.

"सर्दी झाली आसंल," गेणू म्हणे, आणि तिला हसू येई.

अशी सतराअठरा वर्षं गेली. मग लोकल बोर्डाचा ओव्हरसियर आला. पुण्याकडचा, सायकलवरून कुरवंड्यापर्यंत आलेला, पुढं पायी. तरुण होता आणि मोकळेपणाने बोले. त्याने उतार पाहिला, खड्डा पाहिला, वर पठारावर पाटलाच्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला की बोर्ड इथं पक्का रस्ता करून देईल. ओहळावर मोरी, वर खडी, रूळ फिरवून. शेतमाल सकाळी सकाळी बाजारात पोचला पाहिजे, हेच वरून सांगणं आहे. पुढं दुरुस्तीसुद्धा बोर्डाची गँग करील. मात्र वाट पुरी ताब्यात मिळाली पाहिजे. उद्या कुणी म्हणायचं नाही की हा तुकडा माझा.

रखमाजी पाटील आता म्हातारा झाला होता. "समद्यांनी सोडाया पायजे," तो म्हणाला. "हाकंला 'बांधली' म्हनायचं ते 'सोडली' म्हनायचं. जेनं तेनं आपल्या तोंडानं."

"मग म्हणा की. हरकत काय आहे?"

"शेवटलं घर काय म्हनतंय त्यावर हाय."

"शेवटचं कुणाचं?"

कुणीतरी त्याला सांगितलं. ओव्हरसियर हसला. मग त्याने ओट्यावरच्या सगळ्यांची तोंडं पाहिली आणि हसू आवरलं. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "बरं. त्या दिवशी मी येतो."

महिपती कुरवंड्याला गंगीच्या दारी आला तेव्हा त्याच्या हातात तवशांची पाटी होती. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा येत होता. रतनबाईने त्याला घोंगडी टाकली, गंगी चुलीपुढून उठली नाही.

"गंगे," तो म्हणाला, "तू जाऊन हुबी ऱ्हा तितं. मागून घे काकांकडनं. तुजं ऐकत्याल ते."

"लेकीचं ऐकत्यात व्हय वाटंच्या कामात? लेकीला कवा हाक आली?"

"तरीबी."

"रान घेतलंस तवा आलं हुतं का मला इचाराया कुनी?"

पाटीतलं एक तवसं उचलून त्याने तिच्यापुढं धरलं. एका बाजूने ते पिवळं पडून मऊ झालं होतं. "कालचं हाय. परवाचं तर बैलबी खात न्हाईत. पोरींच्या माना बघ जाऊन. हुब्या ऱ्हायल्या तरी खाली बघत्यात." थोडं थांबून तो म्हणाला, "मला न्हाई मागता येत, गंगे. मी कुनच्या तोंडानं मागू?"

चुलीतलं लाकूड तिने पुढं सारलं. रस्ता झाला तर वरच्या गाड्या थेट बाजारात जातील, गेणूच्या गाडीला माल राहणार नाही, हे तिला कळत होतं. पण तिला अडवत होतं ते हे नव्हे. वाट बोर्डाची झाली की हाका बंद होणार. हाक नाही तर ओ नाही. भिमाजीचं घर म्हणून जे काही या जगात उरलं होतं, ते वर्षाच्या एका दुपारी एका शब्दाएवढं होतं, आणि ते तिने स्वतः जाऊन मागायचं आणि संपवायचं, असं महिपती सांगत होता.

"येते," ती शेवटी म्हणाली. "मागन आसं म्हनत न्हाई. पर येते."

ती का जाते आहे हे तिने कुणाला सांगितलं नाही. आजवर तिने तो आवाज पठारावरून, लांबून ऐकला होता. आता एकदा जवळून ऐकायचा होता.

त्या दिवशी ढग इतका दाट होता की गेणूला स्वतःच्या बैलांची शिंगं दिसत नव्हती. तो खालच्या कडेला गाडी लावून थांबला. गंगी खड्ड्यात उतरली आणि ओहळाच्या काठावर, जिथं भिमाजी उभा राही असं तिला आठवत होतं, तिथं उभी राहिली. रिकाम्या डोक्याने ती तिथं कधी थांबलीच नव्हती. आजवर ओझ्याखाली फक्त पाय कुठं पडतो तेवढंच दिसे. आता तिने इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या कारवीची पानं ओली होती आणि एकही हलत नव्हतं. मघापासून ओरडणारी बेडकं थांबली होती. ढग तिच्या अंगाला लागून सरकत होता, पण वारा नव्हता.

वरून हाका सुरू झाल्या. आवाज लांबून, कापसातून आल्यासारखा. एकेक घर. "सोडली." पुढचं घर. "सोडली." काहींनी तो शब्द पटकन म्हटला, काहींना म्हणताना वेळ लागला. हाक वळणावळणाने खाली उतरत येत होती, जशी एखादी व्यक्ती येते तशी. तिच्या वरच्याच तुकड्यावरून महिपतीचा आवाज आला, अगदी जवळून. "सोडली." आणि मग सगळं थांबलं.

"भिमाजीचं घर!"

गंगीने कान दिला. ती खाकरण्याची वाट पाहत होती. कुठून येईल, पुढून, मागून, का पायाखालून, हे तिला माहीत नव्हतं. पाणी वाहत होतं. बाकी काही नव्हतं.

काहीच आलं नाही.

आजवर पाटलाने कुणाच्याही घराला दोनदा हाक दिली नव्हती. त्या दिवशी दिली. "भिमाजीचं घर!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता.

वर सगळं गाव उभं होतं. तो पुण्याचा ओव्हरसियर उभा होता. त्यांच्यासमोर तिचा बाप मुका राहत होता, आणि हे तिला सोसेना. आपण म्हणावं, असं तिला वाटलं. बांधली म्हणावं. घर राहील, हाका राहतील, पुढच्या वर्षी पुन्हा. शब्द तिच्या ओठावर आला आणि तिची नजर खाली गेली.

तिच्या पायाशी भिमाजीने बसवलेली फरशी होती. म्हणजे तिचे सुटलेले धोंडे होते, एकावर एक आडवेतिडवे, शेवाळलेले, काहींच्या खाली पाण्याने पोकळी केलेली. त्यावरून मांजरसुद्धा सरळ गेलं नसतं. या जागेकडे बघून तिच्या बापाने कधी "बांधली" म्हटलं असतं? ज्या शब्दावर माणसं ढगात बैल घालत, तो शब्द? एक धोंडा डुगडुगला तर अंधार पडेपर्यंत तो घरी येत नसे, हाक एक दिवस पुढं ढकलायला लावी. इतकी वर्षं ती पदर तोंडाशी धरून जे ऐकत आली, ते या मोडक्या वाटेवरून कुणीतरी तिच्या बापाच्या आवाजात खोटं बोलत होतं. कोण, हे तिला कळेना. आणि ते आता इथं, तिच्याजवळ, गप्प उभं असेल, असं तिला वाटलं.

तिने डोळे मिटले आणि ओरडली, "सोडली!"

ढगाने शब्द घेतला. थोड्या वेळाने वरून एकदम कल्लोळ ऐकू आला, हलगी वाजली. ती पठारावर पोचली तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडून बोलत होते. रखमाजी पाटील दगडावर बसून रडत होता.

"ऐकलंस का गं? खाकारला आन् म्हनला. सोडली म्हनला, आपल्या तोंडानं!"

"आबा, मी म्हनले ते. त्यो माजा आवाज."

पाटलाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या मागच्या माणसांनी बघितलं. "तुजा न्हाई, पोरी," तो हळूच म्हणाला. "तुजा आवाज वळखत न्हाई का मी? बाप्याचा हुता."

तिने ओव्हरसियरकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत होता. "पुरुषाचाच होता," तो म्हणाला. पुढं काही न बोलता तो उतरू लागला, आणि खड्डा टाळून आडवाटेने गेला.

गेणूला तिने घरी विचारलं, तू तर अगदी जवळ होतास, तू काय ऐकलंस?

"मला कायबी ऐकू आलं न्हाई," गेणू म्हणाला. त्या वेळी त्याने थट्टा केली नाही.

दोन उन्हाळ्यांत रस्ता झाला. ओहळावर दगडी मोरी बांधली, खडी पसरली, वर रूळ फिरला. भिमाजीचे धोंडे मोरीच्या पायात गेले. शेंदराचे दगड कुणी हलवले नाहीत, ते कडेला गवतात राहिले आणि हळूहळू शेंदूर धुऊन गेला. आसणवाडीची काकडी दंव वाळायच्या आत बाजारात पोचू लागली. व्यापाऱ्यांना दुसरी काहीतरी खोट काढावी लागली. पोरींच्या माना सरळ झाल्या, आणि लग्नाच्या बोलण्यात "वाडी लांब हाय" हे म्हणणं बंद झालं. गेणू बंगल्यांची लाकडं वाहू लागला. गंगीला बोर्डाच्या गँगमध्ये खडी फोडायचं आणि खड्डे बुजवायचं काम मिळालं, नेमकं त्याच मैलावर. वाडीच्या दुसऱ्या कुणा बाईने ते मागितलं नाही.

बायका तिच्याशी पूर्वीसारख्या बोलत, पण तिच्या हातातून लेकरू घेताना त्याच्या कपाळावरून दृष्ट काढावी तसा हात फिरवत. ते तिच्या लक्षात येई.

गाड्यांची रीत महिपतीपासून सुरू झाली. ढगाचा दिवस होता. मोरीच्या तोंडाशी त्याचे बैल थबकले आणि हलेनात. चाबूक ओढून काही होईना. ढगातून गंगीच्या हातोड्याचा आवाज येत होता, टक, टक. महिपतीला काय वाटलं कोण जाणे, त्याने ओरडून विचारलं, "गंगे, जाऊ का?"

"जा की. मी काय आडवी झोपलीया?"

बैल चालू लागले. मागच्या गाडीवाल्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानेही विचारलं. महिन्याभरात उतरणारी प्रत्येक गाडी मोरीपाशी थांबू लागली. तिला आधी हसू येई. मग एकदा ती पाणी प्यायला बाजूला गेली होती, तर परत आली तेव्हा मोरीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली होती आणि एकही माणूस बोलत नव्हता. त्या दिवसापासून तिला हसू आलं नाही. जिला वाटेच्या कामात कधी हाक नव्हती, तिला आता रोज हाक येत होती, आणि ओ दिल्याशिवाय सुटका नव्हती. ती बाहेरगावी जात नसे. अंगात कणकण असली तरी जाऊन बसे.

मग एका श्रावणात ती अंथरुणालाच खिळली. तापाने उठवेना. पहिल्या दिवशी ती अर्धवट शुद्धीत पुटपुटत राहिली, गाड्या थांबल्या असतील, कुणीतरी जाऊन सांगा. गेणू म्हणाला, "सांगतो, सांगतो," आणि तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून तिथंच बसून राहिला.

बाहेर पाऊस नव्हता, नुसता ढग. दिवस वर आला असावा तेव्हा महिपती दारात आला. बाजार करून परत निघालेला, गाडी बाहेर उभी. तो आत आला नाही. उंबऱ्याशी, कुडाला हात टेकून उभा राहिला. गंगीला वाटलं त्यालाही ताप आहे, इतका तो उतरला होता.

"तू हितंच हाईस," तो म्हणाला.

"रातपास्नं," गेणू म्हणाला. "गाड्या आडून बसल्या का काय?"

"न्हाई. आमी येळेवरच गेलो. मी मोरीपाशी इचारलं, जाऊ का. तर जा म्हनली." त्याने ओठ ओले केले. "मला वाटलं हीच."

गंगी कोपरावर उठून बसली. "खाकारलं का आदी?"

"न्हाई."

"बाप्याचा आवाज हुता?"

"बाईचा." महिपती खाली बसला, उंबऱ्याच्या बाहेरच. "बारीक हुता. तुज्यावानी न्हाई. मी तितं वळखला न्हाई गं. बाजारात गेलो, माल उतरवला, आन् मंग आटवलं. म्या ल्हानपनी तुमच्याच घरी जेवायचो न्हवं? काकी वाढायची. त्यो आवाज. काकीचा आवाज हुता, गंगे."

गेणूने फडकं पिळायचं थांबवलं.

मुक्ताबाई, गंगीची आई. वाटेच्या कामात तिला कधी हाक नव्हती. बायकांनी ओ द्यायची नसते. ढगात दर वर्षी बाप बोलायचा, आणि बाप ऐकता ऐकता गंगीच्या आठवणीतून आईचा आवाज केव्हा पुसला गेला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. आईचे हात आठवत. हनुवटीवरचं गोंदण आठवे. आवाजाच्या जागी काही नव्हतं. आणि तो आता कुणाला ऐकू आला, तर महिपतीला.

हेही कुणीतरी दुसरंच असेल, तिच्या मनात आलं. बापाच्या वेळीही तसंच होतं. आवाज घेऊन बोलणारं. ती महिपतीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे जेवायला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

"नुसतं जा म्हनली?"

"न्हाई. जा, सावकास जा, आसं."

"तशीच म्हन."

"काय?"

"ती म्हनली तशी म्हनून दाव मला."

महिपतीने गेणूकडे पाहिलं. गेणू चुलीकडे बघत होता. म्हातारपणाकडे झुकलेला तो दांडगा शेतकरी जरा लाजला, मग त्याने मान खाली घातली आणि आवाज बारीक करून म्हणाला, "जा. सावकास जा."

"आसं न्हाई," गंगी म्हणाली. तिला कसं हे माहीत नव्हतं, पण असं नाही हे तिला कळलं. "परत म्हन."

दारातून ढग आत येत होता. बाहेर बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. महिपतीने डोळे मिटले, आणि पुन्हा म्हटलं.